दंतशाळेची खुर्ची

"आज दंतशाळा मंजूर झाली नाही, तर रेमेदिओस आचा हे नाव लावणार नाही!" बाईंनी सकाळीच ऑफिसात जाहीर करून टाकलं. ऐकायला फक्त शिपाई थेओफिलो होता. पण निर्धाराला एक श्रोताही पुरतो.

बाई मूळच्या भूगोलाच्या प्राध्यापक. जुन्या रेक्टरनी तडकाफडकी राजीनामा दिला आणि इचुपाता विद्यापीठाची गादी नव्वद दिवसांपुरती बाईंकडे आली. आज त्यातला शेवटचा शुक्रवार! सोमवारी नवे रेक्टर येणार होते, कायद्याचे डीन डॉक्टर कासिमिरो उस्तारिस. (बोलिव्हियात वकिलालाही डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे कुणाचं काही दुखायचं थांबत नाही.)

"विद्यापीठ म्हणजे ज्ञानाचं मंदिर! तिथं काय दात उपटायचे?" हा डॉक्टरांचा सवाल. अख्ख्या गावात दंतवैद्य नाही, दाढ दुखली की सहा तास बसनं धक्के खात ला पाझ गाठावं लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दंतवैद्य घडवणाऱ्या या शाळेवर विद्यापीठाच्या परिषदेत सहा मतं बाजूनं, सहा विरोधात. तेरावं मत डॉक्टरांचं.

बाईंनी नामी युक्ती काढली. एका निवृत्त दंतवैद्यानं आपली विजेवर चालणारी खुर्ची भेट दिली होती, ती थेट सभागृहात मांडायची! खुर्ची पाहून विरघळला नाही, असा पुढारी अजून जन्मायचा आहे.

थेओफिलो मात्र आडवा आला.

"बाई, नवी वस्तू अशीच वापरायची? पाचामामाला बिअर न शिंपडता? धरणीमाता आहे ती, रुसेल!"

"शिंपड बाबा, पण थोडी!"

थेओफिलोच्या लेखी थोडी म्हणजे दोन बाटल्या. त्यानं खुर्चीच्या पाठीवर शिंपडली, हातांवर शिंपडली आणि जास्तीचं पुण्य म्हणून पायाशी असलेल्या बटणांच्या पेटीत उरलेली सगळी ओतली. वर रंगीत कागदी फिती गुंडाळल्या.

दुपारी डॉक्टर आले. डावा गाल टम्म फुगलेला. त्यात कुणाला काही वाटलं नाही. तिथे कोकाची पानं गालात धरून बसायची चालच आहे, निम्म्या परिषदेचे गाल तसेच होते. डॉक्टर तोंडातून अक्षर काढत नव्हते. भाषण राखून ठेवलंय लेकाच्यानं, असं बाईंना वाटलं.

"बसून तर बघा, डॉक्टर!"

सभागृहातली सर्वांत उंच खुर्ची आणि होऊ घातलेला रेक्टर! बसले. बाईंनी बटण दाबलं. खुर्ची गुरगुरली आणि वर निघाली. वर, आणखी वर! मग डोकं खाली, पाय छताकडे!

"थांबवा!"

"थांबत नाही हो!"

"बाई, पावली! पाचामामा पावली!" थेओफिलो हात जोडून ओरडला.

"पावली नाही, भिजली! वायर उपट आधी!"

त्यानं वायर उपटली. खुर्ची धाडकन खाली आली आणि डॉक्टरांनी जी बोंब ठोकली, ती ऐकून बाराही जण त्यांच्या तोंडावर वाकले. आत कोकाचं एकही पान नव्हतं! होती फक्त सुजलेली, लालबुंद हिरडी.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"तीन दिवस," डॉक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "दंतशाळेला विरोध करणाऱ्यानं दाढ दुखते म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?"

बाईंना मनापासून दया आली. पण दया नंतर, ठराव आधी!

"मत?"

डॉक्टरांचा हात वर गेला. सात विरुद्ध सहा, मंजूर! सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"आता काढा ही दाढ!" डॉक्टर खुर्चीला घट्ट धरून म्हणाले.

सगळे बाईंकडे बघू लागले.

"मी भूगोलाची आहे, डॉक्टर."

"मग दंतवैद्य?"

"पहिली तुकडी पाच वर्षांनी बाहेर पडेल."

डॉक्टरांनी असं पाहिलं, की बाईंना आपला विजय घाईघाईनं आवरता घ्यावा लागला. थेओफिलोनं गाल शालीत बांधून डॉक्टरांना बस-थांब्यावर पोचवलं. ते बसमध्ये जागेवर टेकतात न टेकतात तोच शेजारी बाई येऊन बसल्या.

"तुम्ही कशाला? सोबतीला?"

"सोबत कसली, डॉक्टर!" बाईंनी ओशाळून गालावर हात ठेवला. "माझी तर महिनाभर ठणकतेय. उगाच का एवढी जिद्दीला पेटले होते?"

जाणाऱ्या आणि येणाऱ्या रेक्टरनी सहा तास शेजारी बसून प्रवास केला, आणि दोघांमध्ये पहिल्यांदाच एकदाही भांडण झालं नाही.