कोकम सरबताची रिकामी बाटली

पांढऱ्या झाकणाची पारदर्शक डबी संचिताने चहाच्या कपाशेजारी ठेवली, तेव्हा भाईंनी प्रथम आपला कप उचलून दूर नेला.

"ही हंय कित्याक?"

"तुमच्यासाठीच, बाबा. डॉक्टरांनी काय लिवन दिलानी तां इसारलास? सकाळचो पयलो नमुनो हेच्यात घेवचो, झाकण घट लावचा आणि तासाभरात लॅबात पोचवचो. नायतर माझ्याकडे द्या, मी घेवन जातंय."

"चेडवाच्या हातात बापसाचो नमुनो," भाई म्हणाले. "तां एक रवलेला."

भाईंनी मुंबईत एका कंपनीच्या गोदामात एकतीस वर्षे भांडारपालाचे काम केले होते आणि निवृत्तीनंतर ते गावी येऊन हापूसच्या कलमांची निगा राखत होते. गेल्या आठवड्यात उन्हात फिरताना त्यांना दोनदा चक्कर आली, म्हणून ही तपासणी. मुलीने वैद्यकीय प्रयोगशाळेची पदविका घ्यावी, हे त्यांना कधीच पूर्णपणे पटले नव्हते. वाडीत कोणी विचारले तर "डॉक्टरकीच्या बाजूचो कोर्स आसा" असे ते सांगत. यावर शेजारच्या बाबलीने एकदा "बाजूक म्हणजे नेमका खंय?" असे विचारले होते आणि भाई दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

संचिताचे जामसंड्याच्या लॅबमधील सहा महिन्यांचे प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, संपणार होते. तिथे तंत्रज्ञाची एकच जागा रिकामी होती. ती संचिताला द्यायची की वेंगुर्ल्याहून आलेल्या अक्षयाला, हे प्रमुख सारिका मॅडम शनिवारीच ठरवणार होत्या. जागा हुकली तर भाईंनी एका पतसंस्थेत मुलीसाठी खुर्ची बघूनच ठेवली होती. संचिताला ती खुर्ची नको होती. आज शुक्रवार; लघवी तपासणीचे टेबल आज तिने एकटीने सांभाळायचे, असे मॅडमनी आदल्या दिवशी सांगितले होते.

"झाकण घट," असे पुन्हा एकदा बजावून ती सात वाजताच्या बसने निघून गेली.

भाईंनी डबी उजेडाकडे धरून पाहिली. तिच्यातून पलीकडचा माड स्पष्ट दिसत होता.

"ह्या घेवन मी यष्टीत बसू? आरपार दिसता सगळा."

"पिशयेत घाला," त्यांची बायको सुगंधा आतून म्हणाली.

"आणि पिशयेत सांडला तर? तुझ्याकडे जाड अशी, धड अशी बाटली नाय?"

सुगंधाचा महिला बचत गट दर उन्हाळ्यात कोकम सरबत करी. मागच्या वर्षीची एक बाटली फळीवर उपडी घातलेली होती. तिच्यावर बाहेरून गटाचा मोठा कागद चिकटवलेला असल्याने आतले काही दिसत नव्हते. "ही घेवा. रिकामी आसा," सुगंधा म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. फक्त सरबताचा पाक घट्ट असतो, आणि वर्षभर एका जागी राहिला की बाटली उपडी केली तरी तो तळ सोडत नाही, हे त्या घाईत तिच्या ध्यानात आले नाही.

भाईंची योजना चोख होती. नमुना बाटलीतून न्यायचा, लॅबच्या मोरीत तो डबीत ओतायचा आणि डबी मुलीच्या हाती द्यायची. म्हणजे रस्त्यात लाज राहील आणि लॅबात नियमही पाळला जाईल.

बसमध्ये त्यांच्या शेजारी बाबली येऊन बसला.

"भाई, वैनीचा सरबत?"

"होय."

"खंय चलला?"

"एका सायबाक देवचा आसा."

"सायबाक अख्खी बाटली? ह्या उनात माझो घसो सुकान गेलो रे. वायच घोटभर दी, सायबाक काय कळाचा नाय."

"तेका कळतला," भाई ठामपणे म्हणाले आणि त्यांनी बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली. बस खड्ड्यातून गेली की बाटली हिंदकळे आणि बाबलीची नजरही तिच्याबरोबर हले. कोण हा साहेब, ज्याच्यापुढे लहानपणापासूनचा शेजारी घोटभर सरबताला महाग झाला, ते पाहायचेच, असा निश्चय करून तोही भाईंच्या मागोमाग जामसंड्याला उतरला.

लॅबच्या मोरीतून भाई बाहेर आले तेव्हा बाटली परत पिशवीत गेली होती आणि हातातल्या डबीकडे ते स्वतःच टक लावून पाहत होते. आतला द्रव तांबडा होता.

त्यांनी डबी संचिताच्या हाती दिली आणि ते बाकावर बसले. बाकावर आधीच बसलेल्या बाबलीने तो रंग पाहिला होता. त्याने फोन काढला. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळ उमटली, "भाईक रगात जाता, जामसंड्याक लॅबात आसा."

पुढच्या अर्ध्या तासात सुगंधाचा फोन तीनदा आला. वाडीतल्या शेवंतीकाकूने कारल्याचा रस काढून ठेवला. देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्याची तयारी झाली. मुंबईहून थोरला मुलगा अजय म्हणाला की ऑफिसातल्या एका मित्राचा मावसभाऊ मूत्रपिंडाचा डॉक्टर आहे, आणि आपण कोकण रेल्वेचे नांदगावपर्यंतचे तिकीट काढलेले आहे.

भाई मात्र एकदम शांत झाले होते. "बाबली," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आयक. दांडावरची कलमा अजयक. खारीकडची संचिताक. तुझ्या कुंपणाक लागलेला जां कलम आसा, तेच्याबद्दल आपण भांडलो ना..."

"तां माका?"

"नाय. तां सुगंधाक. पण एका फांदयेचे आंबे तू काडीत रव."

आत संचिताने नमुना यंत्रात फिरवून तळाचा गाळ काचेवर घेतला होता. तिच्या टेबलापाशी सारिका मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"रिपोर्ट झाला? डॉक्टर बारा वाजता कणकवलीला निघणार आहेत. दोनदा फोन आला."

"मॅडम, रंग तांबडा आहे, पण पट्टीवर रक्ताचा चौकोन कोराच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी नाही. साखर मात्र पट्टीवरच्या शेवटच्या रंगापर्यंत गेली आहे."

"मग दिसतं तसं लिही."

"लिहीन. पण गाळात हे आहे."

मॅडमनी डोळा लावला. काचेवर तपकिरी रंगाचा, उभ्या रेघांचा एक तुकडा होता. त्यांनी भिंग बदलून पुन्हा पाहिले.

"पुस्तकात पाहिलंस?"

"शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. कुठेच नाही. मला हा एखाद्या वनस्पतीचा तुकडा वाटतो. आणि मूत्रपिंडातून वनस्पती येत नाही. म्हणून मला या नमुन्यावर सही करायची नाही."

"तुझे वडील आहेत म्हणून थांबते आहेस का?"

संचिता म्हणाली, "दुसऱ्या कोणाचा असता तरी थांबले असते, मॅडम. वडील आहेत म्हणून काच तीनदा पाहिली, एवढाच फरक."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. "अर्धा तास देते. नमुना नाकारायचा तर वहीत कारण लिहावं लागतं. 'वाटतं' हे कारण नसतं. कारण सापडलं नाही तर हाच रिपोर्ट तुझ्या सहीनं जाईल. आणि उद्याचं तुला ठाऊक आहे."

संचिता बाहेर आली. तिने वडिलांना विचारले, "बाबा, नमुनो डबीतच घेतलास ना?"

"डबीतच दिलंय तुझ्याकडे," भाई म्हणाले. हे उत्तर खरे होते आणि उपयोगाचे नव्हते.

"काल काय खाल्लास? खयचा औषध? झाडपालो?"

"पेज, सुक्या बांगड्याचा तिकला आणि तुझ्या आवशीची बोलणी."

अक्षया आतून हळूच येऊन सांगून गेली की डॉक्टरांचा तिसरा फोन आला. बाकावरचा बाबली मघापासून अस्वस्थ होता. दुःख खरे होते, पण तहानही खरी होती.

"संचिता, माका वायच पाणी दी गो," तो म्हणाला. "आणि वाईट मानू नको, पण तुझ्या बापाशीन त्या सायबाक सरबत खंय दिलान तां माका काय दिसला नाय. मी सगळो टायम हंयच बसलंय."

"खयचा सरबत, बाबलीकाका?"

"कोकमाचा. यष्टीत अख्खी वाट छातयेक धरून बसललो. माका घोटभर मागतंय तर नाय म्हणालो."

संचिता वडिलांकडे वळली. भाई समोरच्या भिंतीवरचे मधुमेहाविषयीचे भित्तिपत्रक अत्यंत एकाग्रतेने वाचू लागले होते.

"बाबा, पिशयी."

"पिशयेत काय नाय."

"बाबा."

भाईंनी पिशवी पुढे केली. बाटलीवरच्या कागदावर आईचेच अक्षर होते. संचिताने ती खिडकीशी नेऊन तोंडातून आत पाहिले. तळाशी तांबड्या पाकाचा थर होता आणि त्यात काही तपकिरी दाणे रुतलेले होते.

"जिरा," ती स्वतःशीच म्हणाली.

पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने त्याच बाटलीत स्वच्छ पाणी घालून ते हलवले, नव्या डबीत घेतले आणि पहिल्या नमुन्याच्या सगळ्या तपासण्या त्या पाण्यावर केल्या. रंग तांबडा. रक्त नाही. साखर शेवटच्या रंगापर्यंत. काचेवर तोच उभ्या रेघांचा तुकडा. मॅडमना तिने दोन्ही काचा शेजारी ठेवून दाखवल्या. मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या हसू आवरत असाव्यात.

"नोंद कर," त्या एवढेच म्हणाल्या.

नाकारलेल्या नमुन्यांची वही बाहेरच्या खिडकीपाशी असे. तिच्यात कारणाचा एक रकाना होता आणि चूक लॅबची की रुग्णाची, याचा दुसरा. संचिताने पेन उचलले तसे भाई उठून तिच्याजवळ आले.

"ह्या लिवतलंस? सगळी माणसा वाचतली ती वही?"

"जेका गरज तो वाचतलो."

भाईंनी आवाज आणखी खाली आणला. "तुझ्या हातसून नमुनो सांडलो, असा लिव ना. तेच्यात काय जाता?"

"मगे चूक लॅबची. म्हणजे माझी. उद्या जागा अक्षयाक गेली तर मी पतसंस्थेत बसतलंय, तुमच्या मनासारखा. तसा लिवू?"

भाईंनी वहीतल्या रकान्यांवरून नजर फिरवली. गोदामात आलेला फुटका माल त्यांनी एकतीस वर्षे 'फुटका' असाच लिहून घेतला होता. त्यासाठी दोन साहेबांशी वैरही पत्करले होते. आणि आज, ज्या कामाचे नावसुद्धा वाडीत उच्चारायची आपल्याला लाज वाटते, त्या कामात मुलगी नेमके तेच करते आहे, हे त्यांना त्या उघड्या वहीसमोर उभे राहून दिसले. त्यांनी खिशातले स्वतःचे पेन काढले.

"सर बाजूक."

त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, "नमुना कोकम सरबताच्या न धुतलेल्या बाटलीतून आणला. चूक रुग्णाची." खाली सही केली, तारीख घातली आणि जुन्या सवयीने वेळही घातली.

मग त्यांनी चार पेले पाणी रिचवले, पाऊण तास येरझाऱ्या घातल्या आणि दुसरा नमुना थेट डबीत दिला. तो स्वच्छ निघाला. डॉक्टर कणकवलीला जाता जाता फोनवर म्हणाले की चक्कर उन्हाची असणार, दुपारचे कलमांत फिरू नये, पाणी भरपूर प्यावे, मधूनमधून कोकम सरबत घ्यायलाही हरकत नाही; मात्र आठवड्याने सकाळचा पहिला नमुना पुन्हा द्यावा. अजयने तिकीट रद्द करू का, असे विचारले तेव्हा सुगंधा म्हणाली, "राहूंदे. ह्या निमतान तरी येतलो."

शनिवारी सारिका मॅडमनी जागा संचिताला दिली. कारण विचारण्याची तिला गरज पडली नाही. वहीचे ते पान मॅडमच्या टेबलावर उघडे होते.

पुढच्या शुक्रवारी भाई बसमध्ये चढले तेव्हा त्यांच्या उघड्या तळहातावर पांढऱ्या झाकणाची डबी होती, पिशवीत नव्हे आणि रुमालातही नव्हे. कंडक्टरने एकदा डबीकडे आणि एकदा भाईंकडे पाहिले.

"ह्या काय, भाई?"

"दिसता तांच," भाई म्हणाले. "लॅबात नेतंय. माझा चेडू थंय तंत्रज्ञ आसा. एक जामसंडा दी."

अर्धी बस ऐकत होती. कोणी हसले नाही. उलट मागच्या बाकावरच्या एका बाईने लॅब किती वाजता उघडते ते विचारले आणि भाईंनी तिला उपाशीपोटी कोणत्या तपासण्या करायच्या तेही सांगून टाकले.

पुढच्या थांब्यावर बाबली चढला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिले आणि सदऱ्याच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

"भाई, संचिताक सांग, माझोपण तपासून घी. कोणाक बोलू नको पण. माका तुझ्यासारखा उघडा धरून जमाचा नाय. बाटली वैनीनच दिली. रिकामी आसा म्हणाली."

भाईंनी ती वस्तू त्याच्या हातातून घेतली. वर्तमानपत्राची घडी शांतपणे सोडली, बाटली खिडकीतल्या उजेडाकडे तिरपी धरली आणि कागदाने न झाकलेल्या बुडावर बोट ठेवले.

"जिरा," ते म्हणाले.