निंबाआप्पांचं शिस्तीचं ऊन

निंबाआप्पांच्या तव्यासमोरून एकदा एक पारवा उडाला. आला तेव्हा पारवा होता, पलीकडे निघाला तेव्हा कावळा. मी स्वतः पाहिलंय. पटत नसेल तर सुरतेला, आमच्या नवागामला या, तो कावळा अजून आमच्या खिडकीत घुमतो.

तवा म्हणजे टीव्हीची जुनी डिश. साडीबाजारातून आणलेले आरशाचे हजारो तुकडे आप्पांनी तिला आतून चिकटवले आणि सोसायटीच्या गच्चीवर ती सूर्याकडे तोंड करून बसवली. पहिल्याच दिवशी समोरच्या तिघींचे पापड तळून निघाले. तेल न लावता.

निंबाआप्पा पाटील मूळचे धुळ्याकडचे. बावीस वर्षं हिऱ्याच्या कारखान्यात लेसरच्या मशीनवर हिरे कापले. मशीन सुरू करताना 'नजर खाले!' असं ओरडायचा तिथला नियम. कारखाना सुटला, नियम सुटला नाही. लिफ्टचं दार उघडताना, कुकरची शिट्टी होताना, सगळीकडे 'नजर खाले!' माझ्या भाच्याच्या लग्नात अंतरपाट सरकला आणि आप्पा ओरडले. नवरा-नवरीनं माना खाली घातल्या त्या घातल्याच. संसार उत्तम चाललाय.

अशा माणसानं जाहीर केलं, की मी उन्हावर लेसर चालवणार. माझ्या बायकोनं ते ऐकलं आणि शेजारणीला सांगितलं, "आप्पा उन्हात लेस लावणार." सुरतेत ही चूक व्हायचीच, इथे अर्धं शहर साड्यांना लेस लावत बसलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात अकरा बायका, अकरा गाठोडी.

"आप्पा, उन्हानं चिकटवलेली लेस धुण्यात निघत नाही ना?"

"नजर खाले!" आप्पा गरजले.

म्हातारा फार सभ्य दिसतो, असं म्हणत बायका गाठोडी ठेवून निघून गेल्या.

शेवटी मीच वर गेलो. मी मराठी शाळेतला मास्तर. व्याकरण समजतं, वीज समजत नाही.

"मास्तर, सोपं शे," आप्पा म्हणाले. "ऊन गोया करानं. त्यानी वीज करानी. त्या विजेवर लेसर लावानं."

"म्हणजे ऊन गोळा करून उजेडाचा पुन्हा उजेडच?"

"उजेड-उजेडमा फरक शे! ऊन म्हंजे शाळा सुटेल पोरं. लेसर म्हंजे प्रार्थनानी रांग."

मला त्या क्षणी लख्ख समजलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो तोवर पुसलं गेलं. परत वर गेलो.

"आप्पा, मग प्लगला का लावत नाही?"

"प्लगवर नको. उनवरच पाहिजे."

"बॅटरी?"

"नको म्हनं ना!"

सगळा खेळ एका नखाएवढ्या सोलरच्या चकतीवर होता; तिच्या तारेला बोटाएवढी लेसरची नळी. तव्यातलं सगळं ऊन तिच्यावर पडायचं आणि ती जळायची. तीन जळाल्या. चौथी शेवटची. तिच्या पाठीला आप्पांनी सलाईनच्या बाटलीतून थेंब थेंब गार पाणी लावलं होतं. एवढी सेवा माझ्या आजारपणात मला मिळाली नाही.

तेवढ्यात सोसायटीचे प्रमुख हसमुखभाई वर आले. नाव सोडलं तर माणूस हसत नाही. त्यांनी तव्याकडे पाहिलं, गाठोड्यांकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं.

"पाटीलभाई, रविवारे बार वागे लेसर देखाडो. नहीं तो आ तवो भंगारमां!"

रविवारी बाराला अख्खी सोसायटी गच्चीवर. कुणी काळा चष्मा लावून, एकजण वेल्डिंगचा मुखवटा घालून, माझी बायको डोक्यावर परात धरून. आप्पांनी तव्यावरची चादर ओढली. ऊन चकतीवर उतरलं. सगळ्यांनी श्वास रोखला. एकानं तर मंगळवारी सोडला.

काहीच झालं नाही.

"लागनं!" आप्पा पुटपुटले.

"क्यां?" कुठे लागलं ते हसमुखभाईंना दिसेना.

आम्ही तव्यात पाहिलं, आकाशात पाहिलं, परातीत पाहिलं. झोत नाही, ठिणगी नाही. आप्पा मात्र गल्लीपलीकडच्या इमारतीकडे बघत उभे. वेल्डिंगवाल्यानं पाना काढला आणि डिशचा पहिला नट पकडला. आप्पांनी माझा दंड धरला.

"मास्तर, सुकलालनी खोलीमा जाय. भिंत दख. पयत जाय!"

सुकलाल आणि आप्पा एकाच गावचे, एकाच दिवशी सुरतेला आलेले. सुकलाल कापडाच्या लूमवर लागला. खडखडाटानं कान गेले, आणि गेल्या वर्षी अर्ध्या अंगावरून वारं गेलं. गल्लीपलीकडच्या त्या इमारतीत त्याची खोली; तिला एकच खिडकी, उत्तरेची, आमच्या गच्चीसमोर. तिच्यात ऊन शिरत नाही.

मी धापा टाकत पोचलो. सुकलाल पलंगावर पडून समोर बघत होता. भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. एवढ्या मोठ्या तव्याचा एवढासा ठिपका.

"हे रोज मला खुणेनं विचारत्यात, बाहेर ऊन हाये का," त्याची बायको कमलबाई म्हणाली. "मी कामात. कधी हो म्हनते, कधी नाही, न बघताच. आप्पास्नी कळलं. म्हनले, वहिनी, त्याले खरं कळालं पाहिजे."

ठिपका विझला. मला वाटलं, चौथी चकतीही गेली! सुकलालनं मात्र चांगला हात उचलून हवेत कापूस पिंजल्यासारखी बोटं हलवली.

"ढग आला म्हनत्यात," कमलबाई म्हणाली.

मी खिडकीतून मान काढली. खरंच, सूर्यावर एक लहानसा ढग. तो सरकला आणि भिंतीवर ठिपका परत उमटला.

मी गच्चीकडे बघून बोंब ठोकली, "हसमुखभाई, राहू द्या! लागलंय!" पाना थांबला. हसमुखभाई जिना उतरून, गल्ली ओलांडून स्वतः आले. ठिपका पाहिला. मग कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि दुसऱ्या भिंतीवर लावलं, ठिपक्याला जागा मोकळी व्हावी म्हणून.