टोकाजी सुताराचं पान

एका जंगलात, मुलांनो, अजून रस्ता पोचला नव्हता, पण प्रसिद्धी पोचली होती.

त्या जंगलात टोकाजी नावाचा एक सुतारपक्षी राहायचा. खोडात ढोल्या कोरून द्यायच्या, हा त्याचा धंदा. कामाला हात घालण्याआधी, म्हणजे चोच घालण्याआधी, तो घरच्या बाईला विचारायचा, "वहिनी, ऊन कुठल्या बाजूनं हवं? पिल्लं किती धरायची?" मग खोडाला कान लावायचा, चारदा ठोकून बघायचा आणि लाकूड आतून कसं आहे ते कळलं की कोरायला लागायचा. त्याच्या ढोलीत पाणी आलं, असं कधी कुणी म्हणालं नाही. बदल्यात कुणी अळ्या आणून देई, कुणी उंबरं. टोकाजीचं आणि त्याच्या बायकोचं, हौसाचं, बरं चाललं होतं.

एके दिवशी एक पोपटीण आली. ढोली बघितली, आत शिरली, बाहेर आली.

"ढोली छान आहे हो भावजी. पण तुमचं पान कुठं दिसत नाही."

"कसलं पान?"

"अगंबाई! पानच नाही? तांबटभावजींचं तर रोज असतं." आणि ती तांबटाकडे निघून गेली.

आता पान म्हणजे काय, ते सांगतो. नदीच्या उतारावर एक बाभूळ होती. पाण्यावर येणारा प्रत्येक जण तिच्याखालून जायचा. कुणीतरी एकदा पिंपळाच्या पानावर दोन ओळी खरडल्या आणि ते पान काट्याला टोचलं. बघता बघता सगळं जंगल पानं टोचू लागलं. नियम दोनच होते. एका पानात मावेल तेवढंच लिहायचं. आणि वाचणाऱ्याला आवडलं, तर त्यानं पानाला एक भोक पाडायचं. ज्या पानाला भोकं जास्त, ते पान मोठं. काही पानं इतकी आवडायची, की वाचायला शिल्लकच राहायची नाहीत.

तांबट हाही पक्षीच, आणि तोही ढोल्याच कोरायचा. त्या गळायच्या. पण त्या गळक्या ढोलीत बसून तो सकाळी लिहायचा, 'आज थेंबांचं संगीत ऐकत जागा झालो.' गिऱ्हाईक तिकडं वळलं, ते त्यामुळं.

टोकाजीनंही एक पान टोचलं. त्यावर लिहिलं, 'नमस्कार. मी टोकाजी. ढोल्या कोरतो.'

त्याला तीन भोकं पडली. एक हौसानं पाडलं. एक त्यानं स्वतःच, आजूबाजूला कुणी नाही असं बघून पाडलं. तिसरं एका सुरवंटानं पाडलं, पण तो जेवत होता.

टोकाजीला फार वाईट वाटलं. तो टिटवीबाईंकडे गेला. जंगलात नाव कसं काढावं, याचे वर्ग टिटवीबाई घेत. त्या स्वतः उघड्या माळावर चार खड्यांत अंडी घालत आणि ढोली त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती. पण त्यांचा आवाज लांबवर जायचा.

"तुम्ही काय विकता?" टिटवीबाईंनी विचारलं.

"ढोल्या."

"इथंच चुकतं. ढोली कुणाला हवी असते? ऊब हवी असते. लिहा, 'मी ऊब कोरतो.'"

"पण मी तर लाकूड कोरतो."

"तो तुमचा धंदा झाला. मी तुमच्या ब्रँडबद्दल बोलतेय."

टोकाजीनं मान डोलावली. न समजणारं बोलणारे नेहमी आपल्यापेक्षा शहाणे असतात, असं त्याला वाटायचं.

"आणि दिवसाला तीन पानं," टिटवीबाई म्हणाल्या. "एक स्वतःबद्दल, दोन दुसऱ्यांना. कुणाला पिल्लू झालं, अभिनंदन करा. कुणी गेलं, श्रद्धांजली वाहा. नाती जोडा, टोकाजीराव, नाती!"

टोकाजी नाती जोडू लागला. रानडुकरीणबाईंना अकरा पिल्लं झाली, तर त्यानं अकराही जणांना वेगवेगळं अभिनंदन लिहिलं. भोकं वाढू लागली. पाच झाली. नऊ झाली.

मग एका सकाळी अजगरानं एक ससा गिळला. टोकाजीनं लगेच दोन पानं लिहिली. एक अजगराला, एक सशाच्या बायकोला. घाईत त्याच्याकडून नावांची अदलाबदल झाली. अजगराच्या पानावर होतं, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' आणि सशिणीच्या पानावर होतं, 'मनःपूर्वक अभिनंदन. अशीच भरभराट होवो.'

दुपारी पाण्यावर गेला, तेव्हा टोकाजीच्या लक्षात आलं. तो पानं काढायला धावला. पण बाभळीखाली ही गर्दी!

"काय धाडस आहे!" वानर म्हणत होता.

"काय निर्लज्ज आहे!" भेकर म्हणत होतं. पण भोक तेही पाडत होतं, कारण पान लांबून बघायला जागा नव्हती आणि पुढं आलं की मागचे भोक पाडल्याशिवाय सोडत नव्हते.

अजगर तर हळवाच झाला. "इतक्या वर्षांत जेवणानंतर माझं सांत्वन कुणी केलं नव्हतं," तो म्हणाला.

सशीण त्या दिवशी पाण्यावर आली नाही. तिला काय वाटलं, ते कुणाला कळलं नाही.

"मी तिच्या बिळाशी जाऊन येतो," टोकाजी म्हणाला. "पाया पडतो तिच्या."

"जा की," गर्दीतून पुढं येत टिटवीबाई म्हणाल्या. "पण आत्ता नको. अजून भोकं पडतायत."

दुसऱ्या दिवशी जाऊ, असं टोकाजीनं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी त्याला सगळं जंगल ओळखत होतं. रानकोंबड्या त्याच्याकडे बघून एकमेकींना चोच मारत होत्या. त्या गडबडीत जायचं राहिलं.

"अहो," एकदा हौसा म्हणाली, "आठ दिवसांत तुमची टकटक ऐकली नाही मी."

"काम चालूच आहे. नाती जोडतोय."

"माझ्याशी परवापासून बोलला नाहीत."

"तू पानावर नाहीस ना," टोकाजी म्हणाला. त्यानं हे अगदी मायेनं सांगितलं.

अशात एक दिवस धनेशराव आले. धनेश मोठा पक्षी. धनेशीणबाई अंडी घालायची वेळ आली की मोठ्या ढोलीत शिरतात, तिचं तोंड चिखलानं लिंपून घेतात आणि पिल्लं वाढेपर्यंत आतच बसतात. धनेशराव बाहेरून फळं भरवतात. अशी त्यांच्या घराण्याची रीत.

"टोकाजी, गेल्या वर्षीच्या ढोलीचं तोंड बुजत आलंय," धनेशराव म्हणाले. "साल वाढून आत आलीय. हिला शिरता येत नाही. दिवस भरत आलेत. चार दिवसांत मोकळं करून द्याल?"

"चार कशाला? उद्याच येतो," टोकाजी म्हणाला आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. धनेशराव गेल्यावर त्यानं पान लिहिलं, 'धनेश कुटुंबानं आज माझ्यावर विश्वास टाकला. विश्वास हीच खरी ढोली.' त्याला चाळीस भोकं पडली. चाळीस जणांना उत्तरं देण्यात तो उद्या गेला. परवा तांबटानं, 'विश्वासालाही भोक पडतं,' असं टोचून लिहिलं. त्याला उत्तर देण्यात दोन दिवस गेले.

पाचव्या दिवशी हौसा खाली मान घालून आली.

"धनेशीणबाईंना थांबता आलं नाही. खडकाच्या कपारीत अंडी घातली त्यांनी. दोन होती. घोरपड आली."

टोकाजी फांदीवर बसून राहिला. मग तो रडला. मग त्यानं लिहायला घेतलं. ढोली, साल, चार दिवस, आपण दिलेला शब्द, सगळं लिहिलं. सात पानं भरली.

टिटवीबाईंनी सातही पानं वाचली. "फार सुंदर. पण एका पानात बसवायला हवं." आणि त्यांनी बसवून दिलं. 'चुकलो. शिकलो. पुढं निघालो.'

जंगलाच्या इतिहासात कुठल्याच पानाला इतकी भोकं पडली नव्हती. संध्याकाळपर्यंत काट्यावर नुसता देठ उरला.

पण टोकाजीला बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो धनेशांच्या झाडावर गेला. धनेशीणबाई फांदीवर बसल्या होत्या.

"वहिनी," एवढंच तो म्हणाला.

"पान वाचलं तुमचं," धनेशीणबाई म्हणाल्या. "चांगलं होतं. मीपण एक भोक पाडलं. सगळेच पाडत होते."

"पान राहू द्या, वहिनी. मी तोंड मोकळं करून देतो. आत्ता देतो."

"आता यंदा काय करू मी ढोलीचं?"

टोकाजीनं ऐकलं नाही. त्यानं खोडाला कान लावला, मान मागं घेतली आणि ठोकलं. चोच सालीवरून घसरली. पुन्हा ठोकलं. मान लचकली. इतक्या दिवसांत चोचीला सवय राहिली नव्हती. चार ठोक्यांत तो धापा टाकू लागला.

"राहू द्या," धनेशराव हलकेच म्हणाले. "खाली तुमची माणसं आलीत."

टोकाजीनं खाली पाहिलं. झाडाखाली सगळं जंगल जमलं होतं. टोकाजी स्वतः जाऊन माफी मागतोय, ही बातमी फुटली होती. प्रत्येकाकडे कोरं पान होतं. सगळ्यांच्या पुढं टिटवीबाई होत्या.

"टोकाजीराव," त्या ओरडल्या, "मघाशी मागच्यांना नीट दिसलं नाही. पुन्हा एकदा ठोका!"

टोकाजीनं धनेशीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं होतं. त्यानं पुन्हा खाली पाहिलं.

मग त्यानं मान मागं घेतली आणि ठोकलं. या वेळी जरा मोठ्यानं. लाकडाला काही झालं नाही, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

तात्पर्य : मुलांनो, चूक हवी तेवढी मोठी करा. माफी मात्र एका पानात मावली पाहिजे.