ठोंबरेकाका आणि पंचेचाळीस दिवस

ठोंबरेकाका कुणाला 'कसा आहेस' असं विचारत नाहीत. आधी नाक बघतात, मग डोळे, मग कान. आम्ही डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला, राहायला आलो त्या दिवशी शेजारचं दार उघडलं. कानटोपी घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ बाहेर आले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "डोळे खोल गेले तुझे. पाणी कमी पिऊन राहिली तू." आणि आत निघून गेले. नाव कळायला तीन दिवस लागले.

काका नागपूरचे, गुरांचे डॉक्टर. इथे एका विद्यापीठाच्या गोठ्यावर वासरांच्या खाण्यापिण्याचा अभ्यास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता रिटायर. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा सिअ‍ॅटलला. हायवेवर काका गाडी चालवत नाहीत. शेतांमधल्या रस्त्यांवर चालवतात, तीही बैलगाडीच्या वेगाने, कारण त्यांना कुंपणापलीकडची गुरं बघायची असतात.

असंच एकदा त्यांनी गाडी थांबवली आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या एलेनला, ओळखदेख नसताना, विचारलं, "ही वासरं विकणार कधी?"

एलेनही काकांच्याच वयाची. नवरा गेल्यावर बावीस गाई एकटीच सांभाळत होती. बीफसाठी पाळलेल्या गाई. दर ऑक्टोबरात वासरं आईपासून तोडायची आणि त्याच दिवशी ट्रकमध्ये घालून लिलावाला न्यायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. "पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "आणि नंतर गाईही काढणार. परवडत नाही आता."

"परवडेल कसं? रडणारं वासरू विकता तुम्ही! गव्हाण माहीत नाही, लस नाही, आई-आई करत आजारी पडणार. घेणारा भाव पाडणारच की. मला पंचेचाळीस दिवस द्या."

हे सगळं काकांनीच मला सांगितलं, आणि शेवटी जोडलं, "हो म्हणाली ती. शनिवारी सकाळी सातला तयार राहा. तू घरूनच काम करते न?"

मी कोथरूडची. गाय मी देवळाबाहेर चारा घालण्यापुरती पाहिलेली. पण काकांना नाही म्हणायची सोय नसते. ते उत्तर ऐकायला थांबतच नाहीत.

पहिल्या दिवशी मजबूत कुंपणाच्या एका बाजूला वासरं ठेवली, दुसऱ्या बाजूला आया. नाकाला नाक लागेल, पण दूध पिता येणार नाही. "एकदम नजरेआड नाही करायची," काका म्हणाले. मग जे हंबरणं सुरू झालं, ते थांबेचना. सोमवारी मी तिथूनच ऑफिसची मीटिंग घेतली आणि म्यूट करायला विसरले. आमचा मॅनेजर म्हणाला, "यार, तुझ्याकडे कुणी रडतंय का?" मी म्हटलं, "बावीस जण."

त्याच संध्याकाळी एलेनचा धीर सुटला. ती तरातरा आली आणि फाटकाच्या कडीला हात घातला. "मला नाही ऐकवत हे. ट्रक बोलावते मी. गेली म्हणजे गेली, निदान कानाआड तरी होतील!"

काका तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. घडीची खुर्ची आणून कुंपणाला लागून बसले आणि शांतपणे म्हणाले, "ट्रकमध्येही ती हंबरतातच, एलेन. फक्त आपल्याला ऐकू येत नाहीत."

एलेनने कडीवरचा हात काढला. थोड्या वेळाने घरातून दुसरी खुर्ची घेऊन आली.

चौथ्या दिवशी आवाज बसले. वासरं गव्हाणीत तोंड घालायला लागली. आधी गवत, मग थोडं थोडं खाद्य. गावातल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी लस टोचली, दोन आठवड्यांनी पुन्हा टोचली. माझं काम एकच, खाद्य टाकल्यावर कोण येत नाही ते बघायचं. नवव्या दिवशी एक कालवड आली नाही. मला ती नुसती आळशी वाटली. काकांनी लांबूनच पाहिलं. "कान पडले तिचे." थर्मामीटर लावला तर सणसणीत ताप. औषध वेळेवर मिळालं आणि तीन दिवसांनी ती बाकीच्यांना ढकलून खायला लागली. काका तिला म्हणाले, "हळू खा ना बाई, कोणी घेऊन नाही चाललं."

बाकी वेळ ते वासरांशी असंच बोलत. एलेनला मराठी येत नव्हतं, पण "हो हो हो, सरक" हे ती चार दिवसांत शिकली.

एकदा परत येताना मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही अंडंसुद्धा खात नाही. आणि ही वासरं शेवटी कुठे जाणार, ते..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. गाडी आणखी हळू झाली. "चाळीस वर्षं माहीत आहे. ते थांबवणं माझ्या हातात नाही. पण जाईपर्यंतचे दिवस घाबरून, खोकत काढायचे की पोटभर खाऊन, हे थोडं आहे माझ्या हातात. तेवढंच करतो मी."



डिसेंबरात लिलाव झाला. निवेदकाने माइकवर वाचलं, की वासरं पंचेचाळीस दिवसांपूर्वी तोडलेली, दोनदा लस घेतलेली, गव्हाणीत खाणारी. बावीसच्या बावीस लिलावाच्या रिंगणात आली, एकही हंबरलं नाही. एरवी एलेनची वासरं दोन-दोन, तीन-तीन करून जायची. या वेळी इंडियानातल्या एका उंच माणसाने सगळी एकत्र घेतली, आणि भाव ऐकून एलेनने माझा दंड इतका दाबला की दोन दिवस दुखला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "गाई नाही काढत मी. निदान यंदा तरी नाही."

हे ऐकायला काका जवळ नव्हते. मी शोधत गेले तर ते त्या उंच माणसासमोर उभे. हातात वहीचं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी डोकावले. पहिले तीन दिवस आधी सुकं गवत द्यावं. ओरडू नये. कानात एकतीस नंबरचा बिल्ला असलेली कालवड आजारी होऊन गेली आहे, तिचे कान बघावेत. अठरा नंबर कुत्र्याला भितो. सात आणि बारा एकत्र झोपतात, शक्यतो वेगळे करू नयेत.

मला वाटलं, तो हसेल. त्याने चष्मा लावला, पान दोन्ही बाजूंनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि काकांचा नंबर मागून घेतला.

पुढचा आठवडा काका आमच्याकडे तीनदा आले. दर वेळी फोन टेबलावर, स्क्रीन वर करून. मुलाचा फोन असेल म्हणून मी काही विचारलं नाही. रविवारी दुपारी तो वाजला. काकांना उचलताना स्पीकर सुरू झाला आणि तो बंद करणं त्यांना जमलं नाही.

"डॉक्टर, सगळी खातायत," पलीकडून त्या उंच माणसाचा जाडा आवाज आला.

"अठरा नंबर?"

"कुत्रं बांधून ठेवलंय."

"सात आणि बारा?"

"एकत्रच आहेत. मी आत्ता बघूनच आलो." मग जरा थांबून, "तुम्ही येऊन बघा ना. माझी बायको म्हणते, हे पत्र लिहिणाऱ्या माणसाला जेवायला बोलाव. पण आम्ही लांब राहतो हां. हायवेने तीन तास."

 काकांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी मला हुकूमच सोडले होते, काही विचारलं म्हणून नव्हतं.

"शनिवारी," ते हळूच म्हणाले, "मोकळी आहेस का गं तू?"