निळ्याचा दहावा

केरबा म्हेत्र्याच्या व्हिडिओगेममधला पोरगा बुधवारी सकाळी मेला आणि गेमला दहा दिवसांचं सुतक लागलं.

तसा तो याआधीही मेला होता, दोनशेएक वेळा तरी. पण ती कच्ची मरणं. बटण दाबलं की पोरगा उठायचा, कपडे झटकायचा आणि तलवार घेऊन पुन्हा चालू पडायचा. या वेळी पडदा काळा झाला, खाली पांढऱ्या अक्षरांत जपानी ओळ आली आणि बटण काही ऐकेना. जपानी गावात कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे ओळीचा अर्थ सगळ्यांनी अगदी खात्रीनं सांगितला.

केरबाचा जीव मात्र खरोखर टांगणीला लागला. बाजारातून आणलेली ती जुनी जपानी कॅसेट तो अकरा महिने खेळत होता. पोरगा निळ्या केसांचा, डोळे बशीएवढे. घरात त्याला निळ्या म्हणायचे. डोंगर, दलदल, बोलणारा बेडूक, सगळं मागं पडलं होतं. उरला होता शेवटचा किल्ला. वर कोंडलेली राजकन्या, दारात राक्षस. सत्तरी उलटलेल्या माणसाला एवढंच बघायचं होतं, की शेवटी होतं तरी काय.

"दहावा करावा लागेल," दीक्षित गुरुजी पंचांग मिटून म्हणाले. "पिंडाला कावळा शिवला की गेम सुरू होईल. गोत्र काय?"

"जपानी," केरबा म्हणाला.

"म्हणजे माहीत नाही. कश्यप धरतो. वारस?"

"त्याला कोण असणार?"

"रिमोट कोणाच्या हातात होता?"

केरबानं मान खाली घातली.

"मग तूच."

दहाव्या दिवशी नदीवर केरबानं डोकं आणि मिशी उतरवली. त्याची बायको हौसाबाई बघत राहिली. "मामंजी गेले तेव्हा मिशीला हात लावू दिला नाहीत," ती म्हणाली. "निळ्याचं नशीब थोर."

पिंड मांडला. कावळे आले, समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले आणि बसूनच राहिले.

"इच्छा राहिलीय काहीतरी," गुरुजी म्हणाले. "पुरी करतो म्हणून सांग त्याला."

केरबा हात जोडून पुढं झाला. "निळ्या, राक्षसाला मारीन." कावळा हलला नाही. "राजकन्येला सोडवीन." एका कावळ्यानं मान फिरवली. "तिच्याशी तुझं लग्न लावून देईन." दोन कावळे उडूनच गेले.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजींची पुढं एक वास्तुशांत होती. "दर्भाचा कावळा करून शिववू का? शास्त्रात चालतं."

"शास्त्रात चालेल हो," हौसाबाई म्हणाली, "गेममध्ये चालेल का?"

हा मुद्दा गुरुजींना पटला. मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, दोनशे वेळा मेलाय तो. एकदा तरी विचारलंत, बाबा, दमलास का?"

केरबा पिंडासमोर मांडी घालून बसला. आता जे बोलायचं होतं, त्यात अकरा महिन्यांचा खेळ वाया जाणार होता आणि तो किल्लाही जाणार होता.

"निळ्या," शेवटी तो म्हणाला, "मी तुला आता उठवणार नाही. झोप बाबा."

जोडलेले हात सुटायच्या आत कावळा पिंडावर होता.

घरी येऊन दोघांनी आंघोळी केल्या. टीव्ही आपला आपणच लागला. केरबानं रिमोट उचलला नाही. शब्द दिला होता. दोन्ही हात मांडीखाली दाबून तो बसला.

किल्ला तसाच होता, फक्त निळ्या नव्हता. राक्षस दारात उभा राहून वाट बघत होता. चार वाजले, पाच वाजले. मग त्यानं मोठी जांभई दिली, गदा खांद्यावर टाकली आणि तो घरी निघून गेला. थोड्या वेळानं वरच्या खोलीची कडी निघाली, आतून. राजकन्या जिन्यानं खाली आली, तिनं चपला घातल्या आणि ती बाजाराच्या वाटेला लागली.

पडद्यावर नावं सुरू झाली, जपानीत.

"संपलं?" हौसाबाईनं विचारलं.

"संपलं," केरबा म्हणाला, आणि नावं शेवटपर्यंत वाचत बसला.