दर्याबाईचे बसणे आणि न ऐकिलेल्या हुकुमाची हकीकत

श्रीगणेशास वंदन, श्रीसरस्वतीस वंदन, आणि ज्या बायांनी पहाटे उठोन पाणी भरिले म्हणोन गणेशाचा अभिषेक आणि सरस्वतीची शाई दोन्ही वेळेवर जाहली, त्यांस तिसरे वंदन. शके सत्राशे, विलंबी नाम संवत्सर. संवत्सराचे नाव जोशी पंचांगात पाहोन सांगतात, बायांस विचारोन नव्हे, तरी ह्या वर्षी नाव अगदी बरोबर पडले, ते कैसे ते पुढे कळेल. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्य थोर, किल्ला बुलंद, महाराज वयाने छत्तिसांचे आणि मनाने निर्मळ, आणि किल्ल्यात पाण्याची जागा म्हणावी तर एक बारव, तिला ब्याण्णव पायऱ्या. ती बारव खोदता ज्या दिवशी पहिले पाणी लागले त्याच दिवशी खोदणाऱ्याच्या घरी कन्या जाहली, तेव्हा बापाने हर्षाने तिचे नाव दर्याबाई ठेविले, आणि कारागिराने बारवेच्या शिळेवर मिती कोरली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, त्यामुळे सगळ्या राज्यात जिचे वय दगडावर लिहिलेले ऐसी बाई ती एकलीच. अठराव्या वर्षी तिणे सरकारवाड्याचे पाणी भरावयास आरंभ केला आणि बेचाळीस वर्षे भरिले. गुडघे दोन्ही सुजोन भोपळ्यागत जाहले, तरी डोईवरची घागर कधी हिंदकळली नाही.

आता त्या राज्यात थोरल्या महाराजांपासोन चाल ऐसी होती, की वाड्यात पाणी, दळण, रांधप, सारवण करणारी बाई साठीस पोचली म्हणजे तिणे दरबारी यावे, मानकऱ्यांनी सर्वांनी उभे राहावे, आणि तिणे एकलीने गादीसमोर बसावे. ह्यास बैठी म्हणत. बसली की चाकरी सुटली, आणि तेथोन पुढे धान्य आणि लुगडे सरकारातून घरपोच. पुरुषांचीही चाकरी साठीसच सुटे, फक्त त्यांस बसण्याचा मान नसे. दर्याबाईने दोन वर्षे आधीपासोन बसण्याचा सराव केला होता. जात्यावरची ठकूबाई, जी तिची जिवाची मैत्रीण आणि वयाने दोन महिन्यांनी धाकटी, ती म्हणे, "दर्ये, मांडी घालून बसशील तर उठायला चार भालदार लागतील. पाय एका बाजूला घेऊन बस." दर्याबाई म्हणे, "उठायचंय कुणाला. बसायलाच तर जाते मी."

मग पंचमीचे दिवशी दर्याबाई नवे लुगडे नेसोन दरबारी गेली, मानकरी उभे राहिले, महाराजांनी हसोन मान तुकविली, आणि बाई आता बसणार तोंच दिवाणजी म्हणाले, "थांबा, बाई. बसू नका." दिवाणजी विद्वान, वय एकोणसाठ, त्यांनी चैत्रमासी महाराजांपुढे कागद ठेविला होता, की बायका पुरुषांहून अधिक जगतात ऐसा अनुभव आहे, आणि जितके अधिक जगतात तितके बसोन खातात, सबब बैठी साठीची काढोन सहासष्टीस न्यावी. महाराजांनी शिकारीस निघता निघता शिक्का दिला होता. तो कागद आता दिवाणजींनी वाचला आणि म्हणाले, "सहा वर्षांनी या." दर्याबाई अर्धी वाकली होती ती तशीच राहिली, कारण वाकणे सोपे आणि तेथोन सरळ होणे कठीण. मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नाही." दिवाणजी म्हणाले, "दवंडी पिटली होती. चैत्र वद्य द्वितीयेस, तालमीपाशी." दर्याबाई म्हणाली, "तालमीत मी जात नाही, महाराज. माझ्याकडे लंगोट नाही." तेव्हा दरबार हसला, महाराज हसले, आणि भालदार हसता हसता भाला सांडता सांडता वाचला, परंतु दर्याबाई हसली नाही, कारण तिच्या डोळ्यांपुढे ब्याण्णव पायऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांपुढे सहा वर्षे.

महाराजांनी दवंडीवाल्यास बोलाविले. हा सटवोजी, ठकूबाईचा जावई, ढोल मोठा आणि स्वभाव गरीब. त्यास पुसले की दवंडीचा कायदा काय. तो म्हणाला, "महाराज, हुकूम ज्यांच्यासाठी त्यांच्या कानी घालायचा, आणि त्यांनी 'ऐकिले' असं म्हणायचं. म्हटलं की लागू. आणि ज्या संवत्सरात शिक्का पडला त्याच संवत्सरात म्हटलं पाहिजे. पाडवा उजाडला की हुकूम शिळा." महाराज म्हणाले, "मग तालमीपाशी 'ऐकिले' कोण म्हणाले?" सटवोजी म्हणाला, "चाळीस पैलवान, दोन न्हावी, आणि दिवाणजी स्वतः." महाराजांनी निवाडा दिला, की ज्या बायांस हुकूम, त्यांचे ऐकणे जाहले नाही, ते आता करावे. पाडव्यापूर्वी बाया 'ऐकिले' म्हणतील तर सहासष्टी, नाहीतर साठी. तोवर दर्याबाईने पाणी भरावे. मग दर्याबाई घरी न जाता थेट जातेघरी गेली, आणि ठकूबाईस सगळे सांगितले, आणि म्हणाली, "सहा वर्षं म्हणजे पायऱ्या किती होतील गं?" ठकूबाई म्हणाली, "मोजू नको. मोजशील तर आजच बसशील, आणि तेही पायरीवर." मग ठकूबाईने जात्यात मूठभर दाणे घातले आणि हळूच म्हणाली, "ऐकायचं नाही एवढंच ना? आमच्या सुनेला बारा वर्षांचा सराव आहे. तिला विचारू."

तेथोन जी मौज जाहली ती लिहिता लेखणी नाचते. पौषमासी सटवोजी ढोल घेऊन जातेघरी आला, तेव्हा अकरा जाती एकदम फिरो लागली आणि अकरा गळ्यांनी ओव्या सुरू जाहल्या, भावाची ओवी, बापाची ओवी, आणि दिवाणजींचीही एक, ती येथे लिहिण्याजोगी नाही. सटवोजी ओरडोन ओरडोन घोगरा जाहला, तो ठकूबाई कानामागे हात धरोन म्हणाली, "जावईबापू, जरा मोठ्यानं बोला हो, पिठानं कान भरलेत." मग तो नदीवर गेला, तेथे धुणे आपटण्याचा ऐसा गजर जाहला की पलीकडच्या गावी तोफा डागल्या ऐसे वाटोन तिथले पाटील वेशीवर आले. मग तो मुदपाकखान्यात गेला, तेथे शांत होते, फोडणीसुद्धा चुरचुरत नव्हती, तेव्हा त्यास वाटले की आज काम फत्ते, परंतु ठकूबाईने पाट मांडिला, रांगोळी काढिली, आणि म्हणाली, "जावई दारी आला आणि उपाशी गेला, असं आमच्यात नाही." पुरणपोळी वाढिली, तिजवर तूप, आणि तो तोंड उघडी की दर्याबाई त्यात घास घाली. सात पोळ्या जाहल्या. आठवीस सटवोजी ढोलाला टेकोन निजला, आणि बायांनी त्याच्या अंगावर पांघरूण घातले. अशी तीन महिने खोडी चालली, आणि दर्याबाई दिवसा अकरा वेळा बारव चढत उतरत असे, गुडघे दुखत, तरी हसण्याने निम्मे दुखणे पोटाकडे जाई. कधी मात्र पहाटे पहिली घागर भरताना तिजला भय वाटे, की कोणी एखादी चुकोन 'ऐकिले' म्हणेल आणि सगळे जाईल. मग ती शेजारणीस म्हणे, "तुझ्या नवऱ्यानं हाक मारली तरी 'काय' म्हण. तो शब्दच काढू नको."

मग सटवोजीने दरबारी येऊन हात जोडिले आणि म्हणाला, "महाराज, बायका ऐकत नाहीत." दिवाणजी तापोन म्हणाले, "ऐकत नाहीत म्हणजे? आमच्या घरच्याही ऐकत नाहीत. म्हणोन काय राज्य बुडते?" महाराज म्हणाले, "सटवोजी, नीट सांग. ऐकू जात नाही, की ऐकून ऐकत नाहीत?" सटवोजी म्हणाला, "महाराज, लग्नाला सोळा वर्षं झाली. अजून मला घरातसुद्धा तो फरक कळला नाही." दिवाणजी म्हणाले, "आता स्वामींनी स्वतः जावे. गादीच्या मुखातून आल्यावर कोण ऐकिले म्हणणार नाही?" हे खरे होते, आणि ते खरे आहे हे दर्याबाईसही ठाऊक होते. फाल्गुन वद्य अमावास्या, संवत्सराचा शेवटचा दिवस, सूर्यास्ती दफ्तर मिटणार, आणि तिसऱ्या प्रहरी महाराज कागद घेऊन बारवेत उतरले. बाया तळाशी होत्या. जाते नाही, धुणे नाही, पोळी नाही, आणि महाराजांपुढे गलका करावा ऐसी कोणाची छाती नाही. घागरी हाती घेऊन सगळ्या खाली माना घालोन उभ्या राहिल्या. दर्याबाईने मनात म्हटले, झाले आता. महाराजांनी वाचावयास तोंड उघडिले, आणि बारवेच्या चारी भिंतींतून त्यांचाच शब्द चार वेळा परतोन आला, 'समस्त' म्हणावे तो 'मस्त मस्त' ऐसे ऐकू येई. महाराज म्हणाले, "येथे अर्थ लागत नाही. वर चला, वर वाचू."

मग बाया भरल्या घागरी डोईवर घेऊन पुढे निघाल्या, दर्याबाई त्यांत, आणि महाराज हाती एक कागद घेऊन मागे, आणि त्यांचे मागे दिवाणजी. कोणी भाट सांगतात की महाराज साठाव्या पायरीवर बसले आणि तेथे त्यांस साक्षात्कार जाहला. ते खोटे आहे. चाळिसावीवरच बसले. धाप ऐसी लागली की मुखातून अक्षर निघेना. दर्याबाई वर गेलेली चार पायऱ्या परत उतरली, गुडघे कडकड वाजले ते महाराजांनी ऐकिले, आणि ती म्हणाली, "दम घ्यावा, महाराज. घाई काय आहे. सहा वर्षं आहेत आपल्याकडे." महाराजांनी वर पाहिले. म्हणाले, "तू हे दिवसातून किती वेळा चढतेस?" ती म्हणाली, "अकरा. सणाला पंधरा." महाराज म्हणाले, "घागर किती जड?" दर्याबाई म्हणाली, "ते सांगून कळत नाही. पण पाणी पाहिजे असेल तर देते." महाराजांनी ओंजळ केली आणि ती पाणी घालू लागली, आणि ते पिऊ लागले, सावकाश पिऊ लागले, इतके सावकाश की एवढी तहान कोणा छत्तिसांच्या पुरुषास लागत नाही, आणि इकडे ऊन पायऱ्या चढत चढत वर गेले आणि काठावर एक बोट उरले. खाली विसाव्या पायरीवर भिंतीस धरोन उभे असलेले दिवाणजी ओरडले, "स्वामी, वाचावे, सूर्य जातो," आणि बारव म्हणाली, जातो, जातो, जातो. महाराजांनी ओंजळीतून तोंड काढोन खाली पाहिले आणि म्हणाले, "दिवाणजी, काही ऐकू येत नाही." आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. तेव्हा दर्याबाईचे हात प्रथमच हालले आणि महाराजांच्या अंगरख्यावर पाणी सांडले, आणि वर काठावर बायांनी जे हसणे मांडिले ते किल्ल्याच्या तिन्ही दरवाजांस ऐकू गेले. आणि सूर्य गेला.

दुसरे दिवशी पाडवा, विकारी नाम संवत्सर, घरोघरी गुढ्या. दरबार भरला, मानकरी उभे राहिले, आणि दर्याबाई पाय एका बाजूला घेऊन गादीसमोर बसली, आणि तिच्या शेजारी ठकूबाई, जिची साठी माघातच भरली होती. दोघी बराच वेळ बसल्या. उठा म्हणावयास कोणी धजला नाही. मग महाराजांनी आज्ञा केली, की पुढे ज्या मुली नव्याने चाकरीस लागतील त्यांच्या बैठीचे वय पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडासमोर सांगावे, आणि मग त्यांनी चाकरी धरावी किंवा न धरावी. आणि म्हणाले, "गतवर्षीचा हुकूम शिळा खरा, परंतु शिक्क्याचा कागद अगदीच वाया जाऊ नये. ज्यांनी 'ऐकिले' म्हटले आहे त्यांस तेवढा लागू करावा." पैलवान तरुण होते, त्यांस काही वाटले नाही. न्हाव्यांनी एकमेकांकडे पाहिले. दिवाणजींनी आषाढात साठी होऊन चाकरी सुटणार म्हणोन आंब्याची बाग लाविली होती, ते खाली बसो पाहू लागले, तेव्हा दर्याबाई मायेने म्हणाली, "उभे राहा, दिवाणजी. अजून वेळ आहे तुम्हाला."

ऐसे जाहले. बायांची बैठी साठीस राहिली, बारवेच्या काठावर महाराजांनी रहाट बसविला, आणि दिवाणजींनी पुढली सहा वर्षे मोठ्या नेकीने चाकरी केली, कागद लिहिताना आधी बायांस पुसो लागले ऐसेही म्हणतात. घडले तैसे लिहिले आहे, दोन पोळ्या कमीजास्त जाहल्या असतील तर वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्या. दर्याबाईचे ऐसे, की चैत्र शुद्ध द्वितीयेस ती सवयीने पहाटे उठली, लुगडे खोचिले, दारापावेतो गेली, तेथोन परत फिरली आणि अंथरुणावर पडली. उजाडले, तेव्हा उन्हाची एक तिरीप पितळेच्या तांब्यावरोन येऊन तिच्या पायांवर पडली. बेचाळीस वर्षांत त्या वेळेस ती घरी कधीच नव्हती. तिणे पाय थोडे पुढे सरकविले, म्हणजे गुडघ्यांसही मिळावे.