काट्याचं वजन

भूपालअण्णा पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी चहा ढवळला, चमचा पुसला, खिशातून सराफाकडे असतो तसला छोटा काटा काढला आणि चमच्याचं वजन केलं.

"अठ्ठावीस ग्राम," ते म्हणाले. "बाई, ह्यो चमचा डोंगरात न्यायच्या लायकीचा न्हाई."

माझा चमचा डोंगरात जाणार नव्हताच. पण हे मी सांगेपर्यंत त्यांनी बशी काट्यावर ठेवली होती.

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारता ना, "आजी, तुझ्या शेजारी कोण भांडतंय?" ते हेच. भांडण नसतं. अण्णा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत चौतीस वर्षं सुपरवायझर होते. तिथल्या यंत्रांच्या वरताण ओरडायची सवय त्यांच्या गळ्यात राहून गेली आहे. ते मांजराशीसुद्धा तसेच बोलतात.

नोकरीत त्यांच्या हाताखालून टनांनी ओतीव लोखंड गेलं. निवृत्त झाल्यावर डोंगर चढायचा नाद लागला आणि टनांचा माणूस एकदम ग्रामावर आला. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेलचा चौथाई तुकडा ठेवला. शर्टांच्या कॉलरमागच्या चिठ्ठ्या उसवल्या. आपण सहज "थोडं जड आहे" म्हटलं की लगेच ऐकू येतं, "ग्रामात बोला, बाई."

पण खरा जीव विजेच्या सामानावर. आठ-आठ दिवस विजेचा खांब दिसत नाही अशा ठिकाणी फोन आणि टॉर्च कशावर चालवायचे, हा त्यांचा लाडका विषय. चार्जिंगची वायर वीतभरच. "मीटरभर वायर कशाला? फोन काय शेजारच्या गावात ठेवायचाय?" कपाळावर बांधायच्या टॉर्चचा पट्टा काढून त्यांनी पायजम्याची नाडी लावली आहे. टॉर्चही अगदी बारकी, कारण त्यांचं घर जैन, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. "दिवसाउजेडी पोटात पडलं की टॉर्च लागती कशाला? आमच्या वाडवडलांनी ब्याटरी वाचवायची युक्ती कवाच काढलीया."

मागच्या पावसाळ्यात ते या सामानाची रंगीत तालीम म्हणून तीन दिवस राधानगरीकडच्या डोंगरात गेले. पाठीवर घडीचं सोलर पॅनेल बांधून. भर पावसात, आणि तेही राधानगरीला. खाचरात भात लावणाऱ्या एका बाप्याने मान वर करून विचारलं, "काय पावणं, पापड वाळवायला निघालाईसा काय?" तीन दिवसांत फोन दोन टक्के चार्ज झाला. अण्णा हे स्वतःच सगळ्यांना सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पर दोन टक्के झाला की."

त्यांच्याबरोबर तेव्हा तातोबा होते. उचगावचे, फौंड्रीतले जुने सहकारी. ओतकामाच्या कडा यंत्रावर घासायच्या खात्यात तातोबांचा जन्म गेला आणि त्यात कान गेले. आता ते चार्जिंगचं श्रवणयंत्र लावतात. अण्णांच्या प्रत्येक डोंगरात तातोबा असतातच.

या वर्षी दोघांनी हिमालयात नऊ दिवस चालायचं ठरवलं. अण्णांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर सहा किलो, त्याच्यावर काही नाही. त्यांची मुलगी उज्ज्वला सांगलीला असते. ती वडिलांना पुरती ओळखते. तिने मला फोन केला, "काकू, तुम्ही गणिताच्या शिक्षिका. सॅक तुमच्या काट्यावर तोला आणि मला फोटो पाठवा. सहाच्या वर भरली तर मी तिकीट रद्द करणार."

निघायच्या आदल्या सकाळी अण्णा सॅक आणि यादी घेऊन आले. यादी सुरेख होती. प्रत्येक वस्तूपुढे वजन, शेवटी बेरीज: पाच किलो नऊशे नव्वद. मी बेरीज तपासली, बरोबर होती. मग व्हरांड्यातल्या कडीला माझा सामान तोलायचा काटा अडकवून त्याला सॅक टांगली.

सहा किलो एकशे दहा.

"तुमचा काटा खोटा हाय," अण्णा म्हणाले.

मी किलोची साखरेची पिशवी टांगून दाखवली. काटा खरा निघाला. अण्णांचा चेहरा पडला. मग त्यांनी सॅकमधली शेंगदाण्याची चिक्की काढली आणि उभ्या उभ्या खाल्ली. "आता ते वजन पोटात. पोटाचं डॉक्टर काय बोललेलं न्हाईत."

सत्तर ग्राम कमी झाले. चाळीस उरले. मी यादी पुन्हा वाचली आणि मला सापडलं. दहा हजार एमएएचच्या दोन पॉवर बँका होत्या. मी नऊ दिवसांचा हिशेब मांडला: नकाशापुरता फोन, बारकी टॉर्च, वर सोलर पॅनेल. एक पॉवर बँक भरपूर होत होती.

"ही दुसरी काढा अण्णा. एकशे नव्वद ग्राम. प्रश्न मिटला."

"ती ऱ्हाऊदे."

"का?"

"ऱ्हाऊदे म्हटलं की, बाई." आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं. "राधानगरीत दुसऱ्या दिवशी तात्याचं कानाचं मशीन बंद पडलं. माझ्याकडं काय, दोन टक्के. पुढचा दीड दिवस मी बडबडत हुतो आणि त्यो नुसता हसत हुता. काय बी म्हटलं की हसायचा. मी गुडघा दुखतोय म्हटलं, तरी हसला."

"पण त्या यंत्राला एवढी वीज लागत नाही. एका पॉवर बँकेचा पाव भागसुद्धा पुरेल."

"म्हाईत हाय. पर तिथं थंडीत ब्याटरी बसती. ही मी अंगातल्या बनियनमध्ये घिऊन झोपणार." त्यांनी माझ्या हातातली यादी घेऊन तिची घडी घातली. "सुपरवायझर मी हुतो, बाई. कानात घालायच्या बोळ्यांचा डबा माझ्याच कपाटात असायचा. बोळं घातलं की माझी हाक ऐकू जायची न्हाई, म्हणून मीच काढाय लावायचो."

मी सॅकचे कप्पे एकेक करून तपासू लागले. वरच्या कप्प्यात हाताला काहीतरी लागलं. त्यांचा खिशातला काटा.

"अण्णा, हा यादीत कुठे आहे?"

"काटा सोताचं वजन कसं करणार?"

मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एकशे वीस ग्राम. यादी आणि सॅक यांच्यातला फरक तेवढाच होता. ज्याने सगळ्या घरादाराचं वजन केलं, त्याचं वजन कुणीच केलं नव्हतं.

अण्णांनी तो रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. "जपून ठेवा. साखरंजवळ ठेवू नका, मुंग्या शिरत्यात."

सॅक पाच किलो नऊशे वीस भरली. मी फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी निघताना, अण्णांना घ्यायला आलेले तातोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, ह्यो अण्णा टूथब्रश कापतोय, पर मला पाण्याची बाटली सुदीक उचलू देत न्हाई. डोकं तपासाय पायजे." अण्णांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढचे दिवस काटा माझ्या टेबलावर होता. मी त्यावर माझा चष्मा तोलला, मग तुम्हाला पाठवायची खाऊची पुडी. सवय वाईट आहे, लागते.

त्यांनी चालायला सुरुवात केल्यापासून दहाव्या दिवशी फोन वाजला. मी सवयीने तो कानापासून लांब धरला.

"बाई, पोचलो खाली. गुडघा झ्याक हाय. दोन्ही ब्याटऱ्या..."

मागून तातोबांचा शांत आवाज आला. "अण्णा, हळू बोल की. ऐकू येतंय मला."

मग अण्णा खरंच हळू बोलू लागले, इतके की मला फोन कानाजवळ आणावा लागला.